एक कात्री, दोन झुडुपें

वाचन : १ करिंथ ३:६-९, ४:२१, १ थेस्सल. ५:१४



करिंथ शहराचें नांव आपण पौलाच्या पत्रांवरून जाणतों. त्याच शहराच्या नांवावरून ग्रीस देशांतील बारीक काळ्या मनुकांस इंग्रजींत 'करंट' हें नांव पडलें. पुढें उत्तरेकडील थंड देशांत तशींच बारीक फळें देणारें एक झुडूप होतें, त्यासही लोक करंट म्हणूं लागले. इंग्लंड व स्कॉटलंड येथें पुष्कळांच्या परसांत तें असतें. हिंवाळ्यांत दीर्घ थंडी मिळाल्यावांचून तें नीट फळत नाहीं. आपल्या गांवांत तें कोणी पाहिलें नसेल. तथापि त्याच्या मशागतींत आपणांसाठीं एक धडा आहे.

या झुडुपाच्या दोन मुख्य जाती, काळी व तांबडी. दुरून दोन्ही सारखींच दिसतात. परंतु पान बोटांत चुरडलें असतां काळ्यास उग्र वास येतो, तांबड्यास येत नाहीं. छाटणी तर अगदीं उलट. काळ्यास उत्तम फळ येतें तें मागील वर्षीं फुटलेल्या काठीवर. म्हणून तें खोल लावून लगेच जमिनीपासून एकदोन डोळे ठेवून कापतात आणि पुढील उन्हाळ्यांतील फळाची आशा सोडतात. मग झुडूप वाढलें म्हणजे दर हिंवाळ्यांत जुन्या काठ्यांपैकीं सुमारें तिसरा हिस्सा बुडापासून काढतात, तेव्हां नवे धुमारे जोमानें येतात. तांबडें झुडूप मात्र आखूड खोडावर वाढवितात, व त्याचें फळ जुन्या फांद्यांवरील खुंटांवर लागतें. त्याचे बाजूचे फुटवे तेवढे आखूड करून जुना सांगाडा जपावा लागतो. तो बुडापासून कापला तर फळ धरणारें लांकूडच जातें.

आपल्या नाशिककडील द्राक्षबागाईतदारही जाणतो कीं एप्रिलची छाटणी काडी तयार व्हावी म्हणून, आणि ऑक्टोबरची फळासाठीं. कात्री तीच, हेतु निराळा.

हें ज्ञान मला माझ्या घरांत झालें नव्हतें. माझा थोरला मुलगा हूड, धाकटा अबोल. दोघांसही मी सर्वांदेखत सारखेंच कठोर बोलत असें, व त्यास न्याय म्हणत असें. थोरला त्यानें सुधारला. धाकट्याचा गळा गोड. एका रविवारीं तो गीताचा ताल चुकला, तेव्हां मीं त्यास मंडळीसमोर टोकलें. पुढें दोन वर्षें त्यानें उपासनेंत तोंड उघडलें नाहीं. मीं फळ धरणारें लांकूड कापलें होतें. त्याची क्षमा मागावयास मला, दर आठवड्यास क्षमेवर बोलणाऱ्यास, फार दिवस लागले. आतां तो मागच्या बाकावर बसून हळूच गातो.

पौलानें करिंथकरांस विचारलें कीं, मीं काठी घेऊन यावें कीं प्रीतीनें व सौम्यतेनें? थेस्सलनीकरांस त्यानें सांगितलें कीं उच्छृंखलांस ताकीद द्या, पण खचलेल्यांस धीर द्या व दुबळ्यांस आधार द्या. औषध एकच नव्हे. सहनशीलता मात्र सर्वांशीं.

म्हणून, बापहो, आयांनो, मंडळीच्या वडिलांनो, कात्री हातीं घेण्यापूर्वीं जवळ जा, पान हातीं धरून पाहा, झुडूप ओळखा. शेत देवाचें आहे, वाढविणाराही तोच. आपल्या हातून त्याचें फळ तुटूं नये, एवढी सुबुद्धि तो आपणांस देवो. आमेन.