आईबाप धरून किती?

लातूरहून भाच्याचा फोन आला. हिंजवडीत नोकरी लागतेय, पॅकेज नऊ लाखांचं. ‘‘मामा, एवढ्यात पुण्यात नीट भागेल ना?’’

हातात किती पडणार, हे मी आधी विचारलं. पॅकेजच्या आकड्यात कंपनीने भरायचा पीएफही असतो, बऱ्याचदा ग्रॅच्युइटीही. नऊ लाखांना बाराने भागून खोली बघत फिरणारी पोरं पहिला पगार जमा झाला की चमकतात.

मग कागद घेऊन बसलो. अकरा महिन्यांचा करार, डिपॉझिट, एजंटची दलाली, मेस, पेट्रोल. भाड्यापाशीच गाडी अडली. कंपनीजवळ राहावं तर भाडं चढं. लांब राहावं तर वाकडच्या गर्दीत रोज जाणारा तास कुठल्या रकान्यात लिहायचा?

हा हिशेब देशानेही एकदा करून पाहिलाय. १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचे निकष ठरवले. आहारतज्ज्ञ डॉ. ॲक्रॉइड यांच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला २,७०० कॅलरी, माणशी वर्षाला १८ वार कापड, सरकारी औद्योगिक गृहयोजनेतल्या घराइतकं भाडं, आणि जळण, दिवाबत्ती, किरकोळ मिळून वेतनाचे २० टक्के. मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार, लग्नकार्य, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के हवेत, असं सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट खटल्यात म्हटलं ते १९९१ साली. चौतीस वर्षं कामगाराची पोरं शाळेत जात नव्हती की काय! सातव्या वेतन आयोगाचा १८,००० रुपयांचा किमान पगारही मुळात याच निकषांवरून काढलेला.

मला त्यातली कुटुंबाची मोजणी खटकते. एका कमावत्यामागे तीन ‘एककं’: पुरुष १, बायको ०.८, दोन मुलं प्रत्येकी ०.६. बेरीज चोख जमते. आईबाप मात्र कुठेच नाहीत. ते गावाकडे असतील आणि गाव त्यांना पोसेल, असंच बहुधा गृहीत धरलेलं. पण पैसा तर तेव्हाही उलटाच वाहत होता. गिरणगावातला गडी एकेका खोलीत दहा-पंधरा जणांत पथारी टाकायचा, खानावळीत जेवायचा, तो कोकणात मनीऑर्डर जावी म्हणून.

माझ्या स्वतःच्या नोकरीत महिना कोलमडला तो भाड्याने कधीच नाही; गावाहून अवेळी आलेल्या फोनने. तेवढा फोन पेलण्याइतके पैसे बाजूला असले की बाकीची काटकसर मला कधी जाचली नाही. भाच्याच्या पिढीला ‘नीट’ भागायला कदाचित आणखी काही हवं असेल, मला ते पुरतं कळत नाही.

दुसऱ्या दिवशी फोन करून त्याला आकडा सांगितला. त्याने लगेच त्यातून जिमचे पैसे कमी केले, मग पुन्हा घातले.

‘‘आणि ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन?’’

‘‘ते यात नको धरू, मामा. ते वेगळं आहे.’’

‘‘वेगळं म्हणजे किती?’’

‘‘अजून विचारलं नाही कुणाला.’’