चाकरमान्यांपाठोपाठ गेलेला मतदारसंघ

2008 पर्यंत महाराष्ट्रातल्या लोकसभा मतदारसंघांची यादी राजापूरपासून सुरू व्हायची. क्रमांक एक राजापूर, क्रमांक दोन रत्नागिरी. विधानसभेच्या यादीतही पहिले नाव सावंतवाडीचे असे. पुनर्रचनेनंतर मोजणी उत्तरेकडून सुरू झाली. नंदुरबार पहिला आला, सावंतवाडी 270 व्या क्रमांकावर गेली आणि राजापूर हे नाव लोकसभेच्या यादीतून पुसले गेले. राजापूर, रत्नागिरी आणि कुलाबा या तीन मतदारसंघांचा प्रदेश मुख्यतः रत्नागिरी-सिंधुदुर्ग आणि रायगड या दोघांत सामावला. पनवेल, कर्जत, उरण घाटावरच्या मावळला जोडले गेले.

क्रमांक बदलले याचे दुःख करण्याचे कारण नाही. पण राजापूरला एक राजकीय स्वभाव होता आणि तो अर्धशतकात घडलेला होता.

1957 मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत प्रजासमाजवादी पक्षाचे बॅरिस्टर नाथ पै इथून निवडून आले. वेंगुर्ल्याचा हा माणूस 1962 आणि 1967 मध्येही जिंकला. रेल्वे नाही, धड रस्ते नाहीत, खाड्यांवर पूल नाहीत अशा मुलखाने दिल्लीला जो खासदार पाठवला, तो तिथे केवळ धक्के आणि पूल मागत बसला नाही. गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मूलभूत हक्कांना हात लावण्याचा संसदेचा अधिकार नाकारला, तेव्हा 1967 मध्येच नाथ पैंनी तो अधिकार संसदेला परत मिळवून देणारे खासगी विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही. जानेवारी 1971 मध्ये नाथ पै गेले आणि त्याच वर्षी 24 व्या घटनादुरुस्तीने तोच अधिकार संसदेकडे आला. त्यांची भूमिका बरोबर की चूक, यावर आजही वाद घालता येतो. मनिऑर्डरवर चूल पेटणाऱ्या घरांनी घटनेच्या गाभ्याचा विचार करणारा प्रतिनिधी तीनदा निवडला, हे मात्र विसरू नये.

त्यांच्यानंतर आले मधु दंडवते. जन्म अहमदनगरचा, पेशा मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवण्याचा. जातीचे किंवा गावकीचे पाठबळ म्हणावे तर शून्य. तरीही 1971 पासून 1989 पर्यंत सलग पाच निवडणुका राजापूरने त्यांना जिंकून दिल्या, 1984 च्या काँग्रेस लाटेतसुद्धा. 1977 मध्ये रेल्वेमंत्री झाल्यावर त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर फोमच्या गाद्या आणल्या. देशभरच्या गरीब प्रवाशाच्या पाठीला त्या मंत्रिपदाचा अर्थ कळला. त्यांच्या स्वतःच्या मतदारांच्या अंगणात तोवर रूळही नव्हते. 1990 मध्ये दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ उभे राहिले. पुढच्याच वर्षी दंडवते राजापुरातून हरले. काँग्रेसचे मेजर सुधीर सावंत निवडून आले आणि समाजवाद्यांची 34 वर्षांची साखळी तुटली. 1996 पासून शिवसेनेचे सुरेश प्रभू चार वेळा जिंकले. तेच या मतदारसंघाचे शेवटचे खासदार.

मतदारसंघ पुसला गेला तो कोणाच्या कटामुळे नव्हे. 2002 मध्ये न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने 2001 च्या जनगणनेवरून आखणी केली. राज्याच्या 48 जागा कायम होत्या. त्या राज्याच्या आत नव्याने वाटायच्या होत्या. जिथे माणसे वाढली तिथे जागा गेल्या. अविभक्त ठाणे जिल्ह्याच्या विधानसभेच्या जागा 13 वरून 24 झाल्या. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून 11 होत्या, त्या आठ उरल्या. मालवण कुडाळात गेले, देवगड कणकवलीत, वेंगुर्ले सावंतवाडीत. यात अन्यायही शोधता येत नाही. ठाणे लोकसभा मतदारसंघ देशातल्या सर्वांत मोठ्या मतदारसंघांपैकी एक होता. तिथल्या मताचे वजन राजापूरच्या मतापेक्षा हलके राहावे, असे कोणता लोकशाहीवादी म्हणेल?

तरी एक गोष्ट खुपते. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत वाढलेल्या त्या गर्दीत कोकणातून गेलेली माणसेही होती. आधी गिरणगावात, मग परवडेनासे झाल्यावर उपनगरांत. 2001 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1,136 स्त्रिया होत्या. पुरुष मुंबईला, बायका शेताबांधावर आणि म्हातारी माणसे पडवीत, असा त्या आकड्याचा अर्थ. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला गावी येतो, घराची कौले परततो, सातबाऱ्यावर नाव राखतो. कायदा मात्र स्पष्ट आहे. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार केवळ घराची मालकी असल्याने कोणी तिथला सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. त्यामुळे त्याचे मत शहरात आणि डोकेही शहरातच मोजले जाते. गावाला रोजगार नाही म्हणून माणूस गेला आणि माणूस गेला म्हणून गावाचा आवाजही कमी झाला. ज्या भागाला संसदेत बोलणाऱ्याची जास्त गरज, तोच भाग दर आखणीत बारीक होत जातो.

परिसीमन कायद्यात भौगोलिक रचना, दळणवळण आणि लोकांची सोय पाहण्याची तरतूद आहे. पण लोकसंख्येच्या आकड्यापुढे तिचे फारसे चालत नाही. आज रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या खासदाराला चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत दोनशे किलोमीटरांहून लांब पट्टा सांभाळायचा असतो, मध्ये खाड्या, घाट आणि सड्यावरच्या विखुरलेल्या वाड्या. मोठ्या शहरातला खासदार तेवढ्याच मतदारांना काही चौकांत भेटू शकतो.

राजापूरची गोष्ट जुनी म्हणून बाजूला ठेवता येणार नाही. राज्याराज्यांतले जागावाटप 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेले आहे. ते बंधन उठले की काय होईल, या चिंतेने लोकसंख्या आटोक्यात ठेवणारी दक्षिणेकडची राज्ये आधीच बोलू लागली आहेत. त्यांच्या मागे तमिळनाडू आणि केरळची सरकारे उभी आहेत. तळकोकणाच्या मागे तसे कोणी नाही. 2001 ते 2011 या दशकात रत्नागिरीची लोकसंख्या 16.97 लाखांवरून 16.15 लाखांवर आली, सिंधुदुर्गाची 8.69 लाखांवरून 8.50 लाखांवर. मुंबई शहर सोडले तर राज्यात घट झालेले हे दोनच जिल्हे. 2008 च्या आखणीत ही घट धरलेलीच नव्हती. पुढच्या आखणीत धरली जाईल.