सात दिवसांची मुदत

वऱ्हाडात जूनचा पहिला पंधरवडा फार महाग असतो. पऱ्हाटीचं बियाणं, सोयाबीनच्या थैल्या, खत, ट्रॅक्टरवाल्याचा रोख हिशेब, सगळं एकदम दारात येऊन उभं राहतं. पीककर्ज नेमकं याच दिवसांत हवं असतं. डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाच्या व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेवर फेडलं तर व्याज पडत नाही. मात्र बँकेला सातबाऱ्यावर जिवंत माणसाचं नाव लागतं. बाप हिवाळ्यात वारला आणि वारस नोंद रखडली, तर शेत आहे, बैल आहेत, कर्ज मात्र नाही.

पुढचं संभाषण कोणा एका घरातलं नाही. वऱ्हाडातल्या अनेक घरांत होणारं बोलणं इथे एकत्र जुळवलं आहे. भाऊ खारपाणपट्ट्यातल्या गावी शेती करतो. बहीण अमरावतीला गाडगेनगरात राहते, कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. वडिलांच्या सहा एकरांवर दोघांचीही नावं चढायची आहेत.

"दोन हजार म्हनते," भाऊ सांगतो. "थेट नाई म्हनत. मधला मानूस म्हनते, साहेबाच्या खर्चापान्याचं पाहा. देऊन टाकतो ताई. कायले डोक्याले ताप?"

"वारस नोंदीला फी किती?"

"काईच नाई. मले मालूम आहे."

"मग दोन हजार कशाचे?"

"जूनचे."

अर्थशास्त्राच्या बाईंनाही इतकं नेमकं उत्तर सुचलं नसतं. शेतकऱ्याचा हक्क कोणी नाकारलेला नाही. नोंद धरायची, नोटीस काढायची, हरकतीचे पंधरा दिवस जाऊ द्यायचे, मग मंडळ अधिकाऱ्यानं ती प्रमाणित करायची, एवढंच काम. अर्ज आता ई-हक्क प्रणालीवरून घरबसल्याही करता येतो. विकली जाते ती फक्त वेळ, आणि पाऊस तोंडावर आलेल्या माणसाकडे नेमकी तीच नसते. जानेवारीत हीच नोंद कदाचित फुकट झाली असती.

हा उशीर कामाच्या स्वभावातला नाही, याचा पुरावा शेजारच्याच जिल्ह्यात आहे. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावणारी 'जिवंत सातबारा' मोहीम आधी बुलढाण्यात राबवली गेली आणि 1 एप्रिल 2025 पासून राज्यभर सुरू झाली. वर्षानुवर्षं पडून असलेल्या नोंदी वरून आदेश आल्यावर मार्गी लागू लागल्या. माणसं तीच होती, कायदाही तोच.

"म्हणूनच देऊ नको," बहीण म्हणते. "तू दिलेस की पुढच्या माणसाचा भाव ठरला. ज्याच्याकडे दोन हजार नाहीत, त्याची फाईल तुझ्या फाईलखाली जाईल."

"अन् मी नाई देल्ले तर भाव उतरते काय? मी फक्त रांगेत मांगं जातो. तुयं बरं आहे ताई, तुया पगार एक तारखेले जमा होते."

बहिणीला हे लागतं, कारण ते खरं आहे. ठाम नकार द्यायला पाठीशी काहीतरी असावं लागतं. पगार असलेल्याचा नकार आणि उधारीवर पेरणाऱ्याचा नकार एकाच तराजूत तोलणारं नीतिशास्त्र या भावाच्या उपयोगाचं नाही. पण म्हणून तिचा मुद्दा खोटा ठरत नाही. ती कायद्याकडे वळते.

26 जुलै 2018 पासून सुधारित भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लाच देणं हाही स्वतंत्र गुन्हा आहे. कलम 8 प्रमाणे सात वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. पैसे द्यायला भाग पाडलं गेलेल्याला त्यातून सूट आहे, पण त्यानं दिल्यापासून सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवायला हवं.

"सात दिवस!" भाऊ हसतो. "त्याईले नोंदीले चार महिने, अन् मले सात दिवस. कोनी सुरा दाखवून पाकीट घेतलं, तर आठव्या दिवशी मी चोर होतो काय?"

हाच प्रश्न 2011 मध्ये फार वरच्या पातळीवर विचारला गेला होता. कौशिक बसू तेव्हा केंद्रीय अर्थ मंत्रालयाचे मुख्य आर्थिक सल्लागार होते. हक्काच्या कामासाठी नाइलाजानं दिलेली लाच, म्हणजे छळाची लाच, देणाऱ्यापुरती कायदेशीर करावी, असं त्यांनी एका टिपणात मांडलं. घेणारा दोषी ठरला की पैसेही परत मिळावेत. देणाऱ्याला भीती उरली नाही की तो बोलेल, आणि तो बोलेल या धास्तीनं घेणारा हात आखडेल, असा त्यांचा तर्क. टीका पुष्कळ झाली. सात वर्षांनी संसदेनं कायदा बदलला तो मात्र बसूंच्या सूचनेपासून दूर जाऊन.

"हा मानूस बरोबर बोलते," भाऊ खूश होतो.

"थांब. त्यांची सूट सगळ्या लाचेला नव्हती. मागच्या अतिवृष्टीत पंचनाम्याच्या वेळी तू काय केलंस?"

भाऊ गप्प बसतो. पिकाचं नुकसान 33 टक्क्यांच्या वर असेल तरच शासनाची मदत मिळते. शेताचा एक भाग खरोखर खरडून गेला होता, दुसरा बऱ्यापैकी तगला होता. कागदावर मात्र सगळंच गेलं. त्यासाठीही त्याच मधल्या माणसाच्या हातात काही पडलं होतं.

"ते अलग," तो जरा वेळानं म्हणतो. "तवा साऱ्या गावानंच देल्लं."

"अलगच आहे. आज तुझं तुला मिळावं म्हणून तो मागतो. तेव्हा तुझं नसलेलं मिळावं म्हणून तू दिलंस. पण आज त्याच्याविरुद्ध तक्रार करायला गेलास, तर तो पंचनामा तुझ्या डोक्यात येणारच ना?"

"येतेच. मंग काऊन जाऊ?"

किरकोळ भ्रष्टाचाराची खरी ताकद दोन हजारांच्या आकड्यात नाही. तो गावातल्या जवळपास प्रत्येकाला कधी ना कधी थोडंसं भागीदार करून ठेवतो. कोणाचा पंचनामा, कोणाचा उत्पन्नाचा दाखला, कोणाच्या घरकुलाची यादी. छळाची लाच आणि संगनमताची लाच पुस्तकात दोन वेगळ्या रकान्यांत मांडता येतात. गावात त्या एकाच टेबलावर, एकाच हातात जातात. मग साक्ष द्यायची वेळ आली की जो तो आपलाच जुना कागद आठवून मागे सरतो. मागणाऱ्यालाही हे पक्कं ठाऊक असतं.

तक्रारीची वाट आहेच. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या अमरावती परिक्षेत्रात पश्चिम विदर्भाचे पाचही जिल्हे येतात. 1064 वर फोन करता येतो. आधी पंचांसमोर मागणीची पडताळणी, मग भुकटी लावलेल्या नोटा, मग सापळा. 2014 साली राज्यात असे बाराशेहून जास्त सापळे लागले. पण सापळ्यात आमिष घेऊन जातो तो तक्रारदारच. पुढे अभियोगाची मंजुरी, तारखा, उलटतपासणी. तक्रारदार कोर्टात फिरला किंवा मरण पावला, तरी परिस्थितिजन्य पुराव्यावर मागणी सिद्ध होऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाला नीरज दत्ता खटल्यात 15 डिसेंबर 2022 रोजी स्पष्ट करावं लागलं. फिरणाऱ्या तक्रारदारांचा प्रश्न किती जुना असेल, ते यावरून कळतं.

"अन् मोठे?" भाऊ विचारतो. "विदर्भातल्या सिंचनाच्या नऊ चौकशा 2019 च्या नोव्हेंबरात बंद झाल्या, पेपरात वाचलं होतं म्या. धरनाचं पानी नाई आलं, अन् हिशेब मले मागता?"

"मागते. धरण माझ्या नावावर नाही, हे शेत होणार आहे. तू दिलेस, तर अर्धे माझ्या नावानं दिलेस."

या मुद्द्यावर भाऊ पहिल्यांदा वाद घालत नाही. बापाच्या जमिनीतला तिचा हिस्सा त्याला कबूल आहे. तिच्या हिश्शाला लाचेतलाही वाटा येतो, हे त्यानं धरलं नव्हतं. मग बोलणं तत्त्वावरून व्यवहारावर येतं. दोघांच्या सहीचा अर्ज, त्याची पोच, तहसीलदारांना प्रत. तरीही मागणी झालीच, तर 1064.

"मंग बयान द्यावाले तू येशीन?"

"येईन."

"अन् तारखेले?"

"किरकोळ रजा आहेत माझ्या."

अशी बहीण प्रत्येकाला नसते. सहा एकरवाल्या एकट्या विधवेला कोणती किरकोळ रजा असते, हा प्रश्न या दोघांच्या तोडग्यात बसत नाही. कायद्याच्या सात दिवसांतही नाही.

"पन जून तर जाते ना ताई. बियान्याचं काय?"

"थैल्यांचं मी पाहते. आणि लिहून ठेव, ते उसने आहेत."

"व्याज?"

"पंजाबरावांसारखं. वेळेवर दिलेस तर नाही."