परत आलेलं नाव

गेल्या वर्षी एका रविवारी दुपारी सोफ्यावर लोळत मी एका अनोळखी बाईच्या नावाबद्दल तीन वाक्यं लिहिली. ‘व्हेनेसा हे नाव जोनाथन स्विफ्टने अठराव्या शतकात स्वतः बनवलं. त्याआधीच्या कागदात ते सापडणं शक्य नाही. गलिव्हरला लिलिपुटात भेटली असती तर गोष्ट वेगळी.’ तिसरं वाक्य विनोदासाठी होतं. मग फोन बाजूला ठेवला आणि चहा टाकला.

हे काय प्रकरण आहे ते सांगतो. मी ओहायोत सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. ऑफिसातल्या एकाने मला एका शनिवारी ‘मारामारी बघायला’ म्हणून मैदानावर नेलं. तिथे बँकेतले, गॅरेजमधले, शाळेत शिकवणारे लोक चिलखतं घालून वेताच्या तलवारींनी एकमेकांना बडवत होते. ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रॉनिझम’ ही ती संस्था. १९६६ साली बर्कलीतल्या एका घराच्या मागच्या अंगणात झालेल्या पार्टीतून ती सुरू झाली. सतराव्या शतकाआधीचं जग, मुख्यतः युरोपातलं, हाताने करून बघायचं: शिवायचं, रांधायचं, लढायचं. त्यासाठी प्रत्येक जण त्या काळाला शोभेल असं एक नाव घेतो आणि ढालीवर मिरवायला एक चिन्ह ठरवतो.

नाव आणि चिन्ह संस्थेच्या दप्तरी नोंदवायचं असेल तर ते तपासलं जातं. तपासणाऱ्यांना हेराल्ड म्हणतात. आपल्याकडे ललकारी देणारा भालदार असतो ना, त्याच घराण्यातलं पद. फक्त यांच्याकडे दप्तरही असतं. अर्ज येतो, जगभरचे स्वयंसेवक त्यावर शेरे लिहितात, वरिष्ठ हेराल्ड दर महिन्याला निर्णय जाहीर करतात. नाव निदान दोन भागांचं हवं. प्रत्येक भागाला जुन्या कागदाचा आधार हवा, नावांच्या बाबतीत १६५० पर्यंतचा चालतो. आधीच नोंदलेल्या नावाशी फार साम्य नको, आणि न कमावलेली पदवी लावायची नाही. आणि जे बसत नाही ते ‘नामंजूर’ होत नाही, ‘परत’ जातं. हा शब्द मला पहिल्यापासून आवडला. परत पाठवलेली गोष्ट दुरुस्त होऊन पुन्हा येऊ शकते.

मला हे काम लगेच जमलं, कारण मी दिवसभर हेच करतो. दुसऱ्याचा कोड वाचायचा, खोट काढायची, शेरा मारायचा.

चिन्हांचे नियम तर माझ्यासारख्याला मेजवानीच. सोनेरी आणि चंदेरी हे धातू. लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे रंग. धातूवर धातू नको, रंगावर रंग नको. कारण साधं आहे, धुळीत, लांबून, ढाल कुणाची ते ओळखू आलं पाहिजे. वाघाची गंमत वेगळीच. जुन्या हेराल्ड्रीतल्या वाघाला नाकावर आकडा असतो, मानेवर आयाळ असते आणि शेपूट सिंहाची असते. काढणाऱ्याने वाघ पाहिलेला नाही हे पहिल्या नजरेत कळतं. ताडोब्याला जाऊन आलेल्या माणसाला ते चित्र बघवत नाही, पण नियमाप्रमाणे तोच ‘अस्सल’.

हा सगळा आजच्या हौशी लोकांचा चोखंदळपणा आहे असं वाटेल, तर एक जुना खटला सांगतो. १३८५ साली दुसरा रिचर्ड स्कॉटलंडवर चालून गेला, तेव्हा त्याच्याच सैन्यात दोन घराण्यांच्या ढाली सारख्या निघाल्या: निळ्यावर एक तिरका सोनेरी पट्टा. स्क्रोप म्हणाले आमचा, ग्रोव्हनर म्हणाले आमचा. खटला १३९० पर्यंत चालला. साक्षीदारांत कवी जेफ्री चॉसर होता. लंडनच्या फ्रायडे स्ट्रीटवरून जाताना नवी पाटी टांगलेली दिसली, स्क्रोपांचं चिन्ह लावणारी ही कुठली खाणावळ असं मी विचारलं, तर हे ग्रोव्हनरांचं आहे असं उत्तर मिळालं, अशी त्याची साक्ष आहे. ते नाव आपण तेव्हा प्रथमच ऐकलं, असंही तो म्हणाला. शेवटी स्क्रोप जिंकले. पण याच साक्षींमध्ये कॉर्नवॉलच्या कार्मिनो घराण्याचा उल्लेख येतो. त्यांचीही ढाल तीच. आम्ही ती राजा आर्थरच्या काळापासून वापरतो, असा त्यांचा दावा होता, आणि त्यांना ती ठेवू दिली गेली. आर्थर! म्हणजे खऱ्या मध्ययुगात दंतकथा हा पुरावा म्हणून चालला होता. आमच्याकडे तो अर्ज परत गेला असता.

मग आम्ही एवढे कडक का? कुणाचं काय बिघडणार आहे? तेराव्या शतकातल्या माणसांना काही फरक पडत नाही.

माझं उत्तर बरेच दिवस ‘टिफनी’ हे होतं. हे नाव ऐकलं की आपल्याला मॉल आठवतो. पण ते ग्रीक थिओफानियापासून आलेलं आहे आणि त्याची रूपं बाराव्या-तेराव्या शतकातल्या मुलींना खरोखर होती. कादंबरीकाराने तेव्हाच्या पात्राला टिफनी म्हटलं तर वाचक हसतील, म्हणून कुणी म्हणत नाही. जो वॉल्टन या लेखिकेने या अडचणीला ‘टिफनी प्रॉब्लेम’ असं नावच दिलंय. म्हणजे आपल्या मनातलं मध्ययुग खऱ्या माणसांना बाहेर ठेवतं, आणि त्यांच्या जागी आपल्याला ‘जुनी वाटणारी’ माणसं बसवतं. पुरावा मागणं हा त्या खऱ्या मुलींच्या बाजूने उभं राहण्याचा प्रकार आहे. त्या स्वतः तर येऊन भांडू शकत नाहीत.

हे मला अजूनही पटतं. पण पुरावा येतो कुठून ते बघायला लागलो आणि जरा अडखळलो.

आमच्या हातात सतत असणारे कागद कुठले? पॅरिसच्या १२९२ च्या करवसुलीची यादी. १३७९ च्या इंग्लंडमधल्या डोईपट्टीच्या नोंदी. फ्लॉरेन्सची १४२७ ची मालमत्तेची मोजणी. १५३८ साली थॉमस क्रॉमवेलने इंग्लंडच्या प्रत्येक चर्चला ठेवायला लावलेली बाप्तिस्मा-लग्न-मयताची वही. म्हणजे नाव उरलं ते बहुतेक कुणीतरी पैसे मागायला दारात आलं म्हणून. ज्याच्याकडे मागण्यासारखं काही नव्हतं तो यादीत नाही.

स्वतःसाठी नाव शोधताना हे जास्त टोचलं. भारतीय नावं चालतात, अट तीच. तेराव्या शतकातलं मराठी नाव हवं म्हणून मी पंढरपूरच्या चौऱ्याऐंशीच्या शिलालेखापासून सुरुवात केली. १२७३ ते १२७७ या काळात विठ्ठलाच्या देवळाला कुणी काय दिलं त्याची ती नोंद. पॅरिसमध्ये कर देणारे उरले, पंढरपुरात देणगी देणारे. देवळाच्या आतच येऊ न दिलेल्यांची नावं त्या दगडावर कशी असतील? ती आली दुसऱ्या वाटेने, अभंगाच्या शेवटच्या ओळीतून. ‘नामयाची जनी’ हे तर आमच्या नियमात चपखल बसणारं नाव आहे: एक स्वतःचं, एक नात्यावरून. पण कडक हेराल्ड विचारेल, हस्तलिखित कुठल्या सालचं? आणि जनाबाईचे अभंग आले तोंडोतोंडी आणि नंतरच्या वह्यांतून.

वीरगळ तर तुम्ही पाहिले असतील, गावाबाहेर, शेंदूर फासलेले किंवा नुसतेच कलंडलेले. खाली लढाई, मध्ये अप्सरा त्याला वर नेतायत, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य असेपर्यंत याचं नाव राहील असा त्याचा अर्थ. आणि आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर नाव कोरलेलंच नाही.

माझ्या आजीचं माहेरचं नाव चंपा. लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने ‘सुशीला’ लिहिलं गेलं आणि ती सुशीला झाली. रेशनकार्ड, मतदारयादी, सातबारा, सगळीकडे सुशीला. चंपा म्हणायचा तो फक्त तिचा थोरला भाऊ, आणि तो २०११ मध्ये गेला. आमच्या नियमांनी तपासलं तर चंपा या नावाला शून्य पुरावा आहे.

तेव्हा ‘पुरावा नाही’ याचे दोन अर्थ होतात हे मला मान्य करावं लागलं. एक, शोधलं, सापडलं नाही. दुसरा, हे तेव्हा नव्हतंच, आणि कधी जन्मलं ते माहीत आहे. पहिल्या प्रकारात आमचे नियम अर्जदाराला संशयाचा फायदा देतात. नेमकं नाव नाही सापडलं, पण तशा घडणीची इतर नावं दाखवता आली, तर नाव जातं. तिथे शोधायची मेहनत तपासणाऱ्याने करावी असं मला वाटतं, कारण ‘नाही’ म्हणायला काहीच कष्ट पडत नाहीत. व्हेनेसा दुसऱ्या प्रकारातलं होतं. स्विफ्टची ‘कॅडेनस अँड व्हेनेसा’ ही कविता १७२६ साली छापली गेली, विषय मिटला. निर्णय बरोबर होता. आजही मी तोच देईन.

तीन महिन्यांनी ती बाई मला एका मेळाव्यात भेटली. साठीच्या आसपासची, निवृत्त नर्स. हातात माझे शेरे छापलेला कागद होता, कुणीतरी काढून दिलेला. ती भांडायला आली नव्हती. लिलिपुटचं वाक्य विनोद आहे की नियम, एवढंच तिला विचारायचं होतं. विनोद आहे म्हटलं. मग तिने सांगितलं की व्हेनेसा तिची मुलगी. याच संस्थेत यायचं तिच्या मनात होतं, येण्याआधी गेली.

आपलं स्वतःचं कायदेशीर नाव वापरायची सवलत नियमांत आहे. मुलीचं वापरायची नाही.

त्या रात्री मी, आधीच करायला हवं होतं ते केलं. नाव उकललं. स्विफ्टने ते एस्थर व्हॅनहोम्री नावाच्या खऱ्या बाईसाठी बनवलं होतं: आडनावातला ‘व्हॅन’, आणि एस्थरचं लाडकं रूप ‘एसा’. एस्थर, हेस्टर ही नावं सोळाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडच्या चर्चच्या वह्यांत व्यवस्थित सापडतात. म्हणजे अर्धं नाव जुनंच होतं! दुसऱ्या दिवशी मी मोठ्या उत्साहात तिला हेस्टर सुचवलं. ती म्हणाली, “छान आहे. पण तशी हाक मारली तर मी वळून बघणार नाही.”

परत आल्यावर एक गोष्ट डोक्यातून जाईना. आमचे नियम म्हणतात की पुरावा सर्वांत मोठा. पण ते स्वतःच तसं वागत नाहीत. स्वस्तिक घ्या. मध्ययुगीन युरोपात ते होतं, पुरावे हवे तितके आहेत, तरी ढालीवर नोंदवता येत नाही. २०१८ मध्ये संस्थेतल्या एका राजा-राणीच्या पोशाखाच्या काठात स्वस्तिकं दिसली. जुन्या विणकामाचा अस्सल नमुना आहे, हे समर्थन टिकलं नाही. त्यांनी पद सोडलं. मला सुरुवातीला या बंदीचा राग होता. आई दर दिवाळीला उंबऱ्याशी स्वस्तिक काढते, ते कुणा जर्मनाच्या पापासाठी बाद का? मग इथे अशा एका म्हाताऱ्या गृहस्थांशी ओळख झाली ज्यांच्या आईकडची माणसं त्या चिन्हाखाली मारली गेली. राग गेला. म्हणजे जिवंत माणसाचं दुखणं पुराव्यापेक्षा मोठं ठरू शकतं, हे आम्ही मान्य केलेलं आहे. फक्त काढून घेताना. द्यायची वेळ आली की आम्हाला पुन्हा १६५० आठवतं.

तरीही दप्तरात व्हेनेसा लिहावं असं मला वाटत नाही. दप्तर पुढचा कुणीतरी उघडेल आणि त्यावर विश्वास ठेवेल. तिथे मेलेल्या माणसांबद्दल खोटं नको. पण नोंद आणि हाक या दोन गोष्टी आहेत, आणि नोंदवलेलंच नाव वापरा अशी सक्ती संस्थेत कुणावरच नाही. सुशीला खोटं नव्हतं. आजीच्या भावाने चंपा म्हणणंही खोटं नव्हतं.

त्या बाईचं चिन्ह मात्र पास झालं: हिरव्यावर तीन चंदेरी मधमाश्या, भोवती चंदेरी किनार. नाव परत गेलं की चिन्ह लटकू नये म्हणून एक तात्पुरतं नाव लावून ते नोंदवतात, सहसा अर्जदाराचं पहिलं नाव आणि गटाचं नाव जोडून. म्हणजे दप्तरात त्या मधमाश्या तिने कधीच न मागितलेल्या नावावर आहेत.

या वसंतात आमच्या गटाच्या जेवणावळीत तिला स्वयंपाकघर सांभाळल्याबद्दल मान द्यायचा होता आणि पुकारायचं काम माझ्याकडे होतं. यादी दप्तरावरून काढलेली. तिच्या ओळीवर तात्पुरतं नाव. मी यादी घडी करून खिशात टाकली आणि “व्हेनेसा” असं पुकारलं. उठायला तिला जरा वेळ लागला. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे.