सेवा कुठे थांबवावी?

सप्ताहात श्रीगुरुचरित्राचा पाचवा अध्याय आला की माझं वाचन दरवर्षी अडखळतं. पीठापूरच्या सुमतीमातेचे दोन मुलगे, एक आंधळा नि एक पांगळा. श्रीपाद श्रीवल्लभ घर सोडून निघतात तेव्हा तिला जी काळजी पडते, तीच आमच्या आईला शेवटच्या आजारपणात पडली होती. माझा धाकटा भाऊ जन्मापासून बुद्धीने कमी. आज तो ५२ वर्षांचा आहे.

"मी बघेन त्याचं," असं आईला सांगितलं आणि खरंच बघितलं. भात कालवून देणं, शर्टाची बटणं लावणं, सगळं. लोक म्हणायचे, केवढी ही सेवा! ऐकून बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू?

दोन वर्षांपूर्वी माझा पाय मोडला. दीड महिना अंथरुणात. पहिल्याच आठवड्यात त्याने स्वतःची बटणं स्वतः लावली. एक वर-खाली झालं, पण लावली. म्हणजे त्याला येत होतं, मीच लावू देत नव्हतो.

लहानपणी एकदा तो साखर आणायला गेला नि पैसे हरवून आला. त्यानंतर त्याला दुकानात कोणी पाठवलंच नाही. मी बँकेत लागलो त्या वर्षी माझ्या काउंटरला शंभर रुपये कमी आले होते. खिशातून भरले. दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला पुन्हा त्याच काउंटरवर बसवलं. मला चुकायची मुभा होती, त्याला नव्हती.

आता सकाळचं दूध तो आणतो. आकडे जमत नाहीत, चित्रं जमतात. पन्नासच्या नोटेवर हंपीचा रथ, दहाच्या नोटेवर कोणार्कचं चाक. रथ द्यायचा, चाकं परत आणायची. जुनी पन्नासची नोट आली की घोटाळा होतो, कारण तिच्यावर संसद भवन! दोनदा पैसे कमी आले. मी काही बोललो नाही. पण तो परत येईपर्यंत माझा जीव खिडकीत असतो. ही भीती त्याची नव्हे, माझी. आणि तिलाच मी सेवा म्हणत आलो.

श्रीपादांच्या अमृतदृष्टीने ते दोघे भाऊ धडधाकट झाले. आपल्या घरी तसं होत नसतं. पण मातापित्यांची सेवा त्यांनी त्याच दोघांना सांगितली, हे मी इतकी वर्षं नुसतं वाचून पुढे जात होतो. पाय मोडला होता तेव्हा मला पाण्याचा तांब्या कोण आणून देई? हाच.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मर्यादित पालकत्व आहे. त्यात पालकाने एकट्याने नव्हे, त्या माणसाच्या इच्छेने, त्याच्या जोडीने ठरवायचं असतं. बँकेचे व्यवहार हाही त्याचा हक्क मानला आहे. जन्मभर बँकेत काढलेल्या मला हे कळायला हवं होतं.

त्याचं पासबुक अजून माझ्याच कपाटात आहे. परवा त्याने मागितलं. "नंतर देतो," म्हणालो.