तारीखवार सज्जनपणा

रोजकीर्द आणि खतावणी यांतला फरक ज्याला कळला त्याला निम्मा संसार कळला, असं आम्हांला बी.कॉम.ला शिकवणारे सर म्हणत. उरलेल्या निम्म्याबद्दल ते बोलत नसत. ते अविवाहित होते. खतावणीत एकाच्या नावाचं सगळं एका जागी. रोजकीर्दीत आज घडलं तेवढंच.

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत अशी एक रोजकीर्द आहे. कॉन्स्टंटाइन नावाच्या पुरोहिताने ती इ. स. ९९५ मध्ये ग्रीक भाषेत, चामड्याच्या पानांवर लिहिली. मत्तय, मार्क, लूक, योहान यांची शुभवर्तमानं अशा वाचनपुस्तकात सलग नसतात. त्यांचे तुकडे पाडून वारांप्रमाणे लावलेले असतात. वर्ष सुरू होतं ईस्टरला, तेही योहानापासून. ठरलेल्या तारखांचे सण निराळे, त्यांचं खातं १ सप्टेंबरला उघडतं. कुठे आवाज चढवायचा याच्या खुणासुद्धा लाल शाईत! तुकड्याच्या आरंभी ‘त्या काळी’ अशा धर्तीचे ठराविक शब्द, म्हणजे मध्येच आलेल्या गिऱ्हाइकाचाही गोंधळ नको.

आता प्रश्न असा, की असा तारीखवार सज्जनपणा खरा मानायचा का? आज दयेचं पान आहे म्हणून दया. उद्या पान उलटलं की आपण मोकळे! विचारवंत मंडळी अशा हप्त्यांच्या धर्माला हसतात. त्यांना सद्गुण एकरकमी हवा असतो. पण आमचा काउंटरचा अनुभव वेगळा आहे. ‘एकदम भरून टाकतो हो साहेब’ म्हणणारा कर्जदार पुन्हा दिसत नाही. दर महिन्याला घामेजलेल्या नोटा मोजून देणारी भाजीवाली मात्र खातं बेबाक करून जाते.

शिवाय तारखेला भीड नसते. ग्रीक चर्चच्या क्रमात पेंटेकॉस्टनंतरच्या अकराव्या रविवारी मत्तयातली एक गोष्ट येते. एका चाकराचं दहा हजार तालांतांचं कर्ज राजा माफ करतो. तो बाहेर पडतो आणि शंभर दीनारांसाठी सोबतच्या चाकराचा गळा धरतो. राजाला हे कळतं आणि माफी रद्द होते. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार. मी सवयीने हिशेब केला: माफी सहा कोटींची, वसुली शंभराची!

ज्याच्या टेबलावर बड्या कर्जाच्या निर्लेखनाचा कागद आणि भाजीवालीच्या थकलेल्या हप्त्याची नोटीस एकाच दिवशी येते, तो हे पान आपण होऊन कशाला उघडेल? मीही उघडणार नाही. सलग पोथी हातात दिली, तर आपण नेमकं दुसऱ्याला लागू पडणारं पान काढतो आणि मोठ्याने वाचून दाखवतो. वाचनपुस्तकात ती सोय नाही. अकरावा रविवार उजाडला, की चाकराची गोष्ट ऐकायची; ऐकणारा सावकार असो की कारकून.

म्हणून माझं मत त्या पुरोहिताच्या बाजूने. सज्जनपणा माणसाच्या मर्जीवर ठेवला तर थकबाकीत जातो. तारखेवर ठेवला तर निदान आठवण तरी होते. आणि तारखेचं महत्त्व आम्हांला कुणी सांगायला नको. नोटिशीवरसुद्धा आधी तारीखच घालतात, नाव मागाहून.