नेतृत्व : धरणे आणि सोडणे

चांगला नेता कोण, हे आपण बहुधा तो पुढे कसा येतो यावरून ठरवतो. त्याचे वक्तृत्व, त्याची धडाडी, कामाचा झपाटा आपल्या डोळ्यांत भरतो. परंतु तो पायउतार कसा होतो हे पाहिल्याशिवाय नेतृत्वाची पारख पुरी होत नाही, असे आम्हांस वाटते.

या संदर्भात दोन परमगुरूंचे स्मरण होते. पोप दुसरे जॉन पॉल 1978 साली पदावर आले. पुढे कंपवाताने शरीर जर्जर झाले, तरी त्यांनी पद सोडले नाही. 2005 च्या पुनरुत्थानाच्या रविवारी ते खिडकीत आले, पण वाचा साथ देईना. मग त्यांनी केवळ हातानेच आशीर्वाद दिला. सहा दिवसांनी, 2 एप्रिलला, त्यांचे निधन झाले. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचीही प्रतिष्ठा असते, हे त्यांनी न बोलता शिकवले.

त्यांच्यामागून आलेल्या सोळाव्या बेनेडिक्ट यांनी 11 फेब्रुवारी 2013 रोजी, वयाच्या 85 व्या वर्षी, आपले बळ आता पुरत नाही असे सांगून पदत्याग जाहीर केला. 1415 नंतर कोणाही परमगुरूने पद सोडले नव्हते. पुढची जवळजवळ दहा वर्षे, डिसेंबर 2022 मधील निधनापर्यंत, ते प्रार्थनेत राहिले.

एकाने धरले, दुसऱ्याने सोडले. योग्य कोण? बिशपांनी वयाच्या 75 व्या वर्षी राजीनामा सादर करावा, असे ख्रिस्तसभेचा कायदा सांगतो. परमगुरूंना मात्र वयाची अट नाही. ते स्वेच्छेने पद सोडू शकतात आणि त्याला कोणाच्या मंजुरीची गरज नसते. म्हणजे निर्णय उरतो तो सदसद्विवेकबुद्धीचा. एकाने आपले दुबळेपण लपवले नाही, दुसऱ्याने ते नाकारले नाही. दोघांनीही कळपाचे हित आपल्या मोठेपणाच्या वर ठेवले, असे आम्ही मानतो.

मात्र येथे एक अडचण आहे. खुर्चीला चिकटून बसणारा माणूसही म्हणतो, ‘लोकांना माझी गरज आहे.’ मग खरे-खोटे ओळखावे कसे? मोशेकडे पाहावे. सासरा इथ्रो याचा सल्ला ऐकून त्याने न्यायनिवाड्याचे काम इतरांत वाटून दिले. साऱ्या मंडळीसमक्ष यहोशवावर हात ठेवले. वचनदत्त देश त्याने नबो पर्वतावरून केवळ पाहिला, पण लोकांची वाट अडली नाही. आपल्यावाचून अडणार नाही अशी व्यवस्था जो करतो, त्याच्याच ‘माझी गरज आहे’ या म्हणण्यावर विश्वास ठेवावा.

आपल्या धर्मग्रामात, मंडळांत, पतपेढ्यांत वर्षानुवर्षे तीच नावे दिसतात. त्याचा दोष केवळ त्या नावांचा नव्हे. सभा संपल्यावर खुर्च्या उचलायची वेळ आली की पांगणारे आणि नव्या जबाबदारीला ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणणारे आपणही त्याला तितकेच कारण असतो. हाती घेणारे कोणी नसेल, तर सोडणाऱ्याने सोडावे तरी कोणाच्या हाती?

म्हणून पुढील निवडणुकीत उमेदवाराला ‘तुम्ही काय केले?’ एवढेच विचारू नये. ‘तुमचे काम तुम्ही कोणाला शिकवले?’ हेही विचारावे. आणि शिकायला आपल्यापैकी कोण तयार आहे, ते त्याच सभेत सांगावे.